एका डोळ्याचं बोंडलं

कुवेतला लेकीकडे चाललेय, असं मी कराडात सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मला एका मडक्याला भेटायचं होतं. हे सांगितलं असतं तर आमच्या गल्लीनं माझंच मडकं कच्चं आहे असं ठरवून टाकलं असतं, म्हणून गप्प राहिले. आता जाऊन आलेय, मनासारखं करून आलेय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझी लेक केतकी तिथल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. गेल्या दिवाळीत तिनं सहज एक फोटो पाठवला होता. कॉफीच्या दुकानात कसल्याशा प्रदर्शनाचं पोस्टर लावलेलं, त्याचा. 'आई, मडक्याला डोळे बघ!' एवढंच खाली लिहिलं होतं. मुठीत मावेल एवढं मातीचं भांडं. पोट गोल, वर बारीक तोंड आणि कुशीला एक छोटी चोच. चोचीच्या वर काळ्या रंगानं दोन डोळे काढलेले. कार्थेज म्हणून एक जुनं शहर होतं, आजच्या ट्युनिशियात, रोमनांनी जाळून टाकलेलं. तिथल्या लोकांना प्युनिक म्हणतात आणि हे त्यांचं भांडं, दोन हजारांहून जास्त वर्षांचं. केतकीनं फोनवर खालची ओळ वाचून दाखवली : 'बाळाला दूध पाजण्याचे भांडे?' पुढे प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्ह कशाला? ते बोंडलं आहे! हल्लीच्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. चमच्याहून मोठं, वाटीहून लहान, एका बाजूला निमुळती चोच, असं भांडं आपल्याकडे घरोघर असायचं. बाळाला गुटी पाजायला, अंगावर ओढता येत नसेल तर काढलेलं दूध पाजायला.

माझ्या पहिल्या मुलाला ओढता येत नव्हतं. दिवस भरायच्या आत झाला होता तो. माझ्या माहेरहून आलेल्या चांदीच्या बोंडल्यानं मी त्याला थेंब थेंब पाजत होते. बारशाच्या आधीच गेला. एवढ्या लहानाला आपल्याकडे पुरतात. पुरुषमंडळी त्याला घेऊन निघाली तेव्हा सासूबाईंनी फळीवरचं बोंडलं उचललं आणि ह्यांच्या हातात दिलं. 'त्याच्याजवळ ठेवा. वाटेत भूक लागली तर?' मी बाजेवरून ओरडले की ते माझं आहे, नेऊ नका. कुणी ऐकलं नाही. त्याचा फोटो नव्हता, नाव नव्हतं, अंगडंसुद्धा पाहुण्यांकडून मागून आणलेलं होतं ते परत गेलं. तो होता याची खूण म्हणून तेवढं एक बोंडलं होतं, ते खड्ड्यात गेलं. पुढे घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. सासूबाईंवरचा राग मात्र मी त्या गेल्यावरही सोडला नाही.

असली भांडी कार्थेजच्या थडग्यांत सापडतात, लहान मुलांच्यासुद्धा, हेही केतकीनंच वाचून सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. ते भांडं कोरं होतं की वापरलेलं? दुकानातून आणून रीत म्हणून ठेवलेलं, की कुण्या आईच्या हातातून काढून घेतलेलं? हे मला माझ्या डोळ्यांनी, जवळून बघायचं होतं.

महबूला

केतकी आणि आमचे जावई निनाद समुद्राजवळच्या महबूला नावाच्या भागात राहतात. समुद्राजवळ म्हणजे गच्चीवरून मान वाकडी केली तर दोन इमारतींच्या फटीतून निळी पट्टी दिसते. बाकी सगळीकडे इमारतीच आणि त्यांत सगळा भारत भरलेला. लिफ्टमध्ये मल्याळी, तेलुगू, हिंदी ऐकू यायचं. मराठी फक्त आमच्याच घरात, आणि तीही जावयांनी शुऐबा नावाच्या भागातल्या कारखान्यातून शिफ्ट करून आल्यावर इंग्रजीत कालवलेली.

पहिले काही दिवस मी शहाण्यासारखी वागले. केतकीनं मॉल दाखवले, मी बघितले. जुबैदी नावाचा मासा खाल्ला, ते आपलं पापलेटच निघालं. 'मजबूस' म्हणून मटणाचा भात असतो, त्यात वाळवलेलं काळं लिंबू घालतात. ते लिंबू मी लोणच्यातलं समजून चावलं आणि तोंडाचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सगळ्यात गंमत वाटली ती 'जमिया'ची. जमिया म्हणजे तिथली वस्तीवस्तीतली सहकारी दुकानं. सहकार फक्त आमच्या सातारा-सांगलीकडे आहे, असा माझा आपला समज होता. इथे भाजीपासून बादलीपर्यंत सगळं सहकारी, आणि निवडणुकांत तीच चुरस, असं जावई म्हणाले. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

मग एके सकाळी चहा घेताना मी विषय काढला.

"आई, इथे लोक सोनं बघायला येतात," केतकी म्हणाली. "तू मडकं बघणार?"

"हो."

"ते प्रायव्हेट कलेक्शन आहे. प्रदर्शन संपलं असेल एव्हाना."

"संपलं असेल तर विचारू, कुठे ठेवलंय."

"सासूबाई, मेल टाकून बघू," जावई म्हणाले. "असं डायरेक्ट कुणी आत सोडत नाही."

मेल टाकली. उत्तर आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी सारी नोकरी एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली आहे. खिडकीच्या आतल्या माणसाचं मन मला जेवढं कळतं तेवढं मेल पाठवणाऱ्याला कळणार नाही. पहिल्यांदा आलेल्याला आपण मान वर न करता 'नाही' म्हणतो. दुसऱ्यांदा आला तर वैतागतो. तोच चेहरा तिसऱ्यांदा समोर आला की खुर्चीवरून उठतो आणि आत जाऊन खरोखर विचारून येतो. तेव्हा माझं ठरलं. मेल-बिल काही नाही, आपण दारात जायचं.

बंद दार

मला न्यायला केतकीनं हमीदभाईंना सांगितलं. ते दापोलीकडचे, कुवेतमध्ये टॅक्सी चालवतात आणि केतकीच्या हॉस्पिटलातल्या निम्म्या नर्सेस त्यांच्याच गाडीनं ये-जा करतात. गाडीत बसल्या बसल्या मी कुठे चाललेय ते सांगितलं, तर म्हणाले, "बोंडला? आमच्यात पन बोंडलाच बोलतात, बाय. घुटी त्यानंच देयाची. अरबाच्या म्युझियममदी बोंडला कशाला ठेवलाय?"

"तेच बघायला चाललेय."

"बगा, बगा. मी हाय बाहेर."

संग्रहालय म्हणजे एका जुन्या श्रीमंत घराचा खालचा मजला होता. दारात रखवालदाराची चौकी, शेजारी पर्स तपासायचं मशीन, आणि आतमध्ये पाडकाम चालू. रखवालदार इजिप्तचा, फतही नावाचा, मिशीवाला दांडगा माणूस. मला बघून उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "अहलन, या हाग्गा!"

मी जागच्या जागी थिजले. साठी उलटलेल्या बाईला, ओळख ना पाळख, दारातच हे? "तोंड सांभाळून बोल," मी मराठीतच सुनावलं. त्याला वाटलं मी आशीर्वाद दिला. तो आणखी वाकला आणि पुन्हा तेच म्हणाला. माझा आवाज ऐकून हमीदभाई गाडीतून धावत आले आणि काय झालं ते कळल्यावर गाडीला टेकून हसत सुटले.

"बाय, तो तुमाला हज्जा बोलतोय. हज करून आलेली. मोठ्या बाईला मानानं तसा बोलतात. इजिप्तवाल्यांना ज जमत नाय, त्याचा ग करतात."

मी काशीसुद्धा केलेली नाही आणि या माणसानं मला मक्केहून परत आणलं होतं! पण राग आल्या पावली गेला. नंतर त्यानं कितीदाही म्हटलं तरी चालवून घेतलं, फक्त हे कराडात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आता लिहूनच बसलेय.

दुसरा गोंधळ मशीनपाशी झाला. तुलना करता यावी म्हणून मी पर्समध्ये माझं पितळी बोंडलं नेलं होतं, केतकीला ज्यानं पाजलं ते. पडद्यावर ते चोचीचं भांडं दिसताच फतहीनं दोन्ही हात हलवले. "नो बाय, हाग्गा! म्युझियम नो बाय!" मी जुनी वस्तू विकायला आलेय अशी त्याची समजूत झाली होती. ती दूर करेपर्यंत दुपार झाली. शेवटी त्यानं आतल्या पाडकामाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सियाना." म्हणजे दुरुस्ती. कधी उघडणार? "बुकरा, इन्शाल्ला."

"बुकरा म्हणजे उद्या," हमीदभाई परतताना म्हणाले. "पन इथला उद्या कदी कदी दोन मईन्यानं येतो."

पुन्हा तेच दार

दुसऱ्यांदा गेले त्या दिवशी धूळ होती. तिथे धुळीला 'तोझ' म्हणतात. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं झालेलं, समोरची इमारत दिसेना, दातांत कचकच. केतकी म्हणाली, आज नको जाऊस. मी तोंडाला पदर गुंडाळला आणि गेले. अशा दिवशी आलेला माणूस लक्षात राहतो.

फतही चौकीत एकटाच जेवायला बसला होता. त्यानं मला स्टूल दिलं आणि गरम खुब्ज, म्हणजे त्यांची मोठी रोटी, मोडून निम्मी पुढे केली. सोबत कुटलेल्या वालासारखं काहीतरी, वरून तेल आणि जिरं. मी माझ्याकडचे बेसनाचे लाडू काढले. आम्ही दोघं जेवलो. त्याला पोटापुरती हिंदी येत होती, मला पोटापुरती येते. आत कुणी मोठं माणूस आहे का विचारलं, तर नाही म्हणाला. भांडी कुठे आहेत विचारलं, तर खांदे उडवले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझं परतीचं विमान जवळ आलं होतं. माझं डोकं तापलं होतं, घसा बसला होता, पण परत फिरायचं नाही हे घरातूनच ठरवून निघाले होते. फतहीनं मला बघून कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून समोर बसला आणि विचारलं, "हाग्गा, क्यूं? एक बरतन, क्यूं?"

आजवर हे मला सरळ कुणी विचारलं नव्हतं. मला सांगायचं होतं की माझ्या मुलाचं असंच एक भांडं होतं, ते त्याच्याबरोबर मातीत गेलं. पण चौकशीच्या खिडकीतली हिंदी 'तीन नंबर पे लगेगी' एवढ्याच कामाची. माझ्या तोंडून निघालं ते असं : "वो बरतन मेरे बेटे का है. बेटा मर गया. मिट्टी में डाला. बरतन भी डाला. मेरे को देखना है."

फतही उठून उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला. त्यानं खिशातून फोन काढला, आत गेला आणि मला अरबीत त्याचं वरच्या पट्टीतलं बोलणं ऐकू येऊ लागलं. खुर्चीवरून उठून आत गेला! तिसऱ्यांदा! मी मनातल्या मनात सगळ्या एस.टी. खात्याला नमस्कार केला.

काय घोटाळा झाला होता तो संध्याकाळी कळला. केतकीला सलमा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या मूळच्या ट्युनिशियाच्या, त्या संग्रहातली भांडी सांभाळायची, जोडायची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांना असा निरोप मिळाला होता की एक भारतीय हाग्गा आली आहे, संग्रहातलं एक भांडं तिच्या मुलाच्या कबरीतून काढलेलं आहे असा तिचा दावा आहे आणि ती ऐकायला तयार नाही.

"आई! तू त्यांना काय सांगितलंस?" केतकी घाबरीघुबरी झाली होती. "अगं, ओनरशिपचा क्लेम समजले ते! इथे असल्या गोष्टी फार सीरियसली घेतात!"

"मग भेटायला बोलावलं का?"

"बोलावलंय. उद्या, राईला. मी येते तुझ्याबरोबर. आणि तिथे तू एक अक्षर हिंदी बोलायचं नाहीस."

राई

राई हा भाग म्हणजे गोदामं, गॅरेजं आणि सोफ्यांची शोरूम. एका बाजूला ट्रकचे टायर, दुसऱ्या बाजूला झुंबरं. दुरुस्ती होईपर्यंत संग्रहालयाची भांडी इथल्या एका गोदामात आणून ठेवली होती. बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि आत शिरलो तर थंडगार, चिडीचूप, भिंतीला लागून राखाडी कपाटं. इतक्या जुन्या मडक्यांचं आयुष्य असं गॅरेजच्या शेजारी चाललं होतं.

सलमाबाई चाळिशीच्या, केस आखूड, चष्मा डोक्यावर. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातातला लाडवांचा डबा बाहेर ठेवायला लावला. कणाकणाला मुंग्या-झुरळं येतात म्हणे. मग आम्हाला बसवून केतकीकडून सगळं नीट ऐकून घेतलं. केतकी इंग्रजीत सांगत होती. मला शब्द सगळे कळत नव्हते, पण ती कुठे अडखळली ते कळत होतं. तिला एक भाऊ होता हे तिला माहीत होतं. बोंडल्याचं तिनं माझ्याकडून फक्त एकदा ऐकलं होतं, तेही अर्धवट.

ऐकून झाल्यावर सलमाबाई उठल्या. "हात धुवा," त्या मला म्हणाल्या. "साबणानं. अंगठ्या काढा. मातीच्या भांड्याला हातमोजे नकोत, निसटतं."

मी हात धुतले. टेबलावर जाड मऊ गादी घातली होती. त्यांनी कपाटातून खोकं आणलं आणि दोन्ही हातांनी ते भांडं गादीवर ठेवलं.

फोटोत दिसलं होतं त्याहून लहान होतं. माती फिकट, मधावर दूध सांडावं तशी. चोच माझ्या करंगळीच्या टोकाएवढी. आणि फोटोत अंधारात असलेली एक गोष्ट इथे लख्ख दिसली. दोन डोळ्यांपैकी एक काळाभोर होता, भुवईसकट. दुसरा जवळजवळ पुसून गेला होता.

"तुमचा प्रश्न मला कळला," सलमाबाई म्हणाल्या आणि केतकी मला सांगत गेली. "अशी बरीच भांडी कोरीच असतात. पुरण्यासाठीच घेतलेली. काही जण तर म्हणतात, ही दिव्यात तेल घालायची भांडी, म्हणून ते प्रश्नचिन्ह. हे कुणाच्या थडग्यातलं ते आम्हाला माहीत नाही, जुन्या खरेदीतलं आहे. पण या डोळ्याकडे बघा. माझे सहकारी म्हणतात, मातीत एका कुशीवर पडून राहिलं म्हणून रंग गेला. मला तसं वाटत नाही. माझं मत मी सांगत नाही. तुम्ही धरून बघा."

मी उचललं. गादीच्या वर, चार बोटं उंच, त्यांनी सांगितलं तसं. काही ठरवून केलं नाही. उजव्या हातानं बोंडलं धरायची जी रीत असते तसं धरलं गेलं आणि माझा अंगठा बरोबर त्या पुसलेल्या डोळ्यावर बसला.

सलमाबाईंनी फक्त मान हलवली.

माती नव्हे, अंगठा. रोजचा, दिवसातून कितीदा तरी, दुधानं ओला झालेला. कुणीतरी या चोचीतून थेंब थेंब पाजलं होतं, ओठांच्या कडेनं ओघळलेलं बोटानं परत आत लोटलं होतं, आणि मग हे भांडं सोडून दिलं होतं. स्वतः दिलं की कुणी हातातून काढून घेतलं, ते मला कळणार नव्हतं. तिलाही एखादी सासू असेल. तीही म्हणाली असेल, वाटेत भूक लागली तर? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की सासूबाईंना तो भुकेला जाईल याची खरोखरच काळजी वाटली असेल. त्या घरात त्याच्या भुकेचा विचार माझ्याशिवाय आणखी एका माणसानं केला होता. तरी सांगते, आज पुन्हा ती वेळ आली तर मी बोंडलं देणार नाही. मूठ उघडणार नाही. पण त्यांच्यावर रागावून बसायचं आता माझ्याच्यानं होणार नव्हतं.

मग लक्षात आलं, माझा डावा हात कोपरात वाकला होता. बाळाचं डोकं घेतात तसा. उजवा हात थोडा कलला होता. सलमाबाईंनी ते पाहिलं आणि मला थांबवलं नाही, फक्त त्यांचे दोन्ही तळवे माझ्या हातांखाली धरून ठेवले. मी रडले. चांगली हमसून रडले. केतकीनं भांडं पडेल म्हणून ते घ्यायला हात पुढे केला, तर सलमाबाई तिला म्हणाल्या, "राहू दे."

थोड्या वेळानं मी ते गादीवर ठेवलं. त्यांनी खोक्यात घातलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे वळल्या. त्या हसत होत्या, पण डोळे ओले होते. "फतहीनं सांगितलं, हे तुमच्या मुलाचं आहे. मग मुलाचं नाव काय?"

केतकीनं मला विचारलंच नाही. तीच सांगू लागली, की त्याचं बारसं झालं नव्हतं, आमच्याकडे त्याआधी नाव ठेवत नाहीत.

"ठरवलं होतं," मी म्हणाले.

केतकी थांबली.

"कुणाला बोलले नव्हते. ह्यांनासुद्धा नाही. बारशाला कानात सांगणार होते." मी सलमाबाईंकडे वळले. "शेखर."

"शेख़र," सलमाबाई म्हणाल्या. त्यांचा ख घशातून खोल आला, तिकडच्या शेख लोकांच्या नावातला येतो तसा. माझ्या मुलाचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते असं ऐकायला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

केतकीनं माझा हात घट्ट धरला. मग सलमाबाईंकडे बघत, त्यांची चूक सुधारावी तशी, ती ठामपणे म्हणाली, "शेखरदादा."